तीन मिनिटं दहा सेकंद

माझ्या भावाला लोक रस्त्यात थांबवतात आणि म्हणतात, "अहो, ते गाणं तुमचंच ना? आम्ही शाळेत होतो तेव्हा." मग तेच गाणं त्याच्याच तोंडावर बेसूर म्हणून दाखवतात, आणि शेवटी विचारतात, "मग पुढे काय केलंत?" पुढे काय केलंत म्हणजे काय? पुढे तो पस्तीस वर्षं जगला. लग्न केलं, मुलगी वाढवली, चारशे-पाचशे घरांतले पियानो सुरात आणले. पण हे ऐकायला कुणी थांबलेलं नसतं. दादा हसतो आणि निघतो. त्याला हसता येतं. मला येत नाही. मी सोफ्या-खुर्च्यांचं गादीकाम करणारी बाई आहे, दिवसभर हातात हातोडी असते, आणि दुकानात कुणी ते गाणं गुणगुणलं की माझा खिळा जरा जास्तच आत जातो.

आमच्या घरात त्या गाण्याचं नाव कुणी घेत नाही. आम्ही त्याला नुसतं "ते" म्हणतो. आज बसमध्ये ते लागलं होतं. शेजारच्यांच्या लग्नात ते वाजलं. वहिनी म्हणते, एखाद्या घरात वाईट चालीच्या नातेवाइकाबद्दल बोलतात तसं तुम्ही बहीणभाऊ बोलता.

दुकान बाबांचं. पुढे गिऱ्हाइकांच्या मोडक्या खुर्च्या आणि मागच्या खोलीत फोमचे तक्ते, काथ्याची पोती, रेक्झिनच्या गुंडाळ्या, सगळं भिंतीला लावून छतापर्यंत रचलेलं. त्या मागच्या खोलीत चार जणांनी बँड काढला, कारण त्यांना दुसरीकडे कुणी दारात उभं करत नव्हतं. इथे फोम सगळा आवाज गिळून टाकायचा, त्यामुळे शेजारी भांडायला येत नसत. पण त्याचा एक परिणाम असा झाला की तिथे कितीही ओरडलं तरी कमीच वाटायचं. म्हणून दादाला सगळं वरच्या पट्टीत, गळ्याच्या अगदी टोकाशी जाऊन गायची सवय लागली. बँडचं नाव 'चार खुर्च्या'. ते बाबांनी ठेवलं, चिडून. संध्याकाळी कामाच्या वेळेला मागे गेले की त्यांना दुरुस्तीच्या चार खुर्च्यांवर हे चौघे बसलेले दिसत. "माझ्या चार खुर्च्या अडवल्यात," असं ते रोज म्हणायचे. रोज म्हणता म्हणता तेच नाव पडलं.

दादा गायचा, गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. ड्रमवर ठोक्या होता, ज्याला आयुष्यात कशाचीच घाई नव्हती. बेस वाजवायचा तो लांबू, आणि दुसऱ्या गिटारवर मास्तर, जो दिवसा खरोखरच शिकवण्या घ्यायचा. मी तेव्हा अठरा वर्षांची, नुकती बाबांच्या हाताखाली कामाला लागलेली. चौघांचे एकसारखे शर्ट मीच सोफ्याच्या उरलेल्या कापडातून शिवले होते. घाम आला की त्याचा पिवळा रंग मानेला लागायचा आणि कार्यक्रम संपल्यावर चौघेही कावीळ झाल्यासारखे दिसायचे.

गाणी चांगली होती. मी बहीण आहे म्हणून म्हणत नाही. बहीण म्हणून मी त्यांना पुष्कळ नावं ठेवलीत. खणखणीत गिटारी, तिघांनी मिळून म्हटलेलं धृपद, मध्येच टाळ्या, आणि प्रत्येक गाण्यात भाव न देणारी एक मुलगी. वर्तमानपत्रातल्या एकाने त्याला 'पॉवर पॉप' म्हटलं. आईला वाटलं, कपडे धुवायच्या पावडरचं नाव आहे.

दादाकडे तेव्हा एकतीस गाणी तयार होती. त्यातलं एक 'ते'. एक मुलगा एका मुलीच्या खिडकीखाली उभा राहून तिला खाली बोलावतोय. दोन कडवी हेच चालतं. तिसऱ्या कडव्यात कळतं की तो तिच्या घरापर्यंत कधी गेलेलाच नाही. तो स्वतःच्याच खोलीत, स्वतःच्याच खिडकीशी उभा आहे आणि तिथे गेलोच तर काय बोलायचं ते पाठ करतोय. दादाचा जीव त्या तिसऱ्या कडव्यात होता. सगळं गाणं या आठ ओळींसाठी लिहिलंय, असं तो सांगायचा.

ध्वनिमुद्रण एका सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर झालं. रेकॉर्डिस्ट किडकिडीत, चाळिशीचा, कमी बोलणारा. गाणं पहिल्या तीन-चार प्रयत्नांत जमलं. सगळे खूश. तेवढ्यात रेकॉर्ड कंपनीचा माणूस घड्याळ बघत म्हणाला की हे तीन मिनिटं दहा सेकंदांचं आहे, आणि नव्या पोरांचं तीन मिनिटांच्या वरचं काही रेडिओवाले लावत नाहीत. तिसरं कडवं काढून टाका.

दादाने साफ नाही म्हटलं. कंपनीच्या माणसाने समजावलं, मग आवाज चढवला. दादाचा त्याच्या वर चढला. लांबू मध्ये पडला, मास्तर म्हणाला, दुसरं कडवं काढू. माळ्याचं भाडं अर्ध्या तासात संपत होतं. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेला रेकॉर्डिस्ट म्हणाला, "एक करता येईल. टेप जराशी पळवतो. शब्द सगळे राहतील, गाणं फक्त लवकर संपेल."

त्याने तसं करून ऐकवलं. आम्ही सगळे हसलो. पंचविशीतला दादा एकदम सतरा वर्षांचा झाला होता. आवाज पातळ, चकचकीत, धापा टाकणारा. ठोक्या म्हणाला, मी इतकं चांगलं जन्मात वाजवलं नाही. दादाने एकच प्रश्न विचारला, "तिसरं कडवं राहतंय ना?" रेकॉर्डिस्ट हो म्हणाला. "मग करा," दादा म्हणाला.

मी तिथे स्टुलावर चहाचा थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. मीसुद्धा हसले होते, हे मी लपवत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांचं ते गाणं दीड महिन्यात सगळीकडे झालं. न्हाव्याकडे, बसमध्ये, कपड्यांच्या दुकानात, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांत. एकदा आई दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसली होती आणि वर ते लागलं; तिला 'माझा मुलगा' एवढंही म्हणता आलं नाही. आणि सगळ्यात मोठी थट्टा अशी की रेडिओवरचे निवेदक दुसरं कडवं संपलं की आवाज हळू करून बोलायला लागत. पुढची जाहिरात, पुढची बातमी, हवामान. ज्या कडव्यासाठी दादाने आपला आवाज दिला ते कडवं कुणी ऐकलंच नाही. आजही लोकांना ते गाणं म्हणजे खिडकीखालचा आनंदी मुलगा वाटतं. लग्नात वाजवतात ना, ते म्हणूनच.

मग कार्यक्रम सुरू झाले आणि खरी रड सुरू झाली. पहिल्याच मोठ्या सभागृहात चौघांनी ते वाजवलं, जसं मागच्या खोलीत वाजवायचे तसं, आणि संपल्यावर टाळ्या पडल्या त्या जेमतेम. पुढच्या रांगेतली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली की हे ते नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी उभं केलंय. मी तिच्या मागेच बसले होते. तिच्या डोक्यात हातातला डबा घालावासा वाटला, पण तिची चूक नव्हती. तिने ऐकलेला मुलगा स्टेजवर नव्हताच. तो कुठेच नव्हता.

दुसऱ्या कुणी हे सोडून दिलं असतं. दादाचा कान आडवा आला. त्याला फरक नुसता कळत नव्हता, तो त्याला टोचायचा. टेप पळवली की गाणं वर चढतं, तसं हे एक सूर वर चढलं होतं; आणि तिथेही नीट थांबलं नव्हतं, थोडं पुढे सरकून दोन सुरांच्या फटीत जाऊन बसलं होतं. दादाने सगळ्या गिटारी त्या फटीत आणल्या. तारा इतक्या ताणल्या की प्रत्येक कार्यक्रमात दोन-तीन तुटायच्या. ठोक्या बिचारा त्या वेगाने अर्ध्या गाण्यापर्यंत जायचा आणि मग त्याचा स्वभाव त्याला मागे ओढायचा. आणि दादा, जो आधीच गळ्याच्या टोकाशी गायचा, तो टोकाच्याही पलीकडे जाऊन गायचा. कार्यक्रमात एकदा, आणि लोकांच्या आग्रहाखातर शेवटी पुन्हा एकदा. तरी लोक बाहेर पडताना म्हणायचे, रेकॉर्डवर जास्त छान वाटतं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

दुसरी रेकॉर्ड त्यांनी खऱ्या वेगात केली. दादाचा हट्टच होता. त्यातलं दुसरं गाणं मला आजही 'त्या'च्यापेक्षा चांगलं वाटतं. कंपनीने ऐकलं आणि सांगितलं की हे झोपाळू आहे, हेही पळवू. दादा टेबलावरून उठून आला. रेकॉर्ड निघाली आणि खोक्यांतच राहिली. मग एका सकाळी दादा उठला आणि त्याच्या तोंडून आवाजच निघेना. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात, तीन महिने एक शब्द बोलायचा नाही. तीन महिने तो पाटीवर लिहून आमच्याशी भांडला. आवाज परत आला तेव्हा तो खाली, खरखरीत, मधूनच फाटणारा होता. त्या आवाजात ते गाणं बसणं शक्य नव्हतं. लांबूला नोकरी लागली होती, मास्तर शिकवण्यांत गुंतला होता आणि ठोक्याने गाडी शिकवायचा क्लास काढला. तो क्लास अजून चालतो. लोकांना हळू चालवायला शिकवतो आणि त्यात सुखी आहे. गाणं निघाल्यापासून सगळं मिळून चौदा महिने.

पुढे दादाने एका म्हाताऱ्या कारागिराकडे पियानो लावायचं काम शिकून घेतलं. मला वाटलं, हा जखमेवर मीठ चोळून घेतोय. तो म्हणाला, इतका शहाणा कान आहे तर त्याने काहीतरी काम करावं. एक चामड्याची पिशवी, त्यात पाना, तारांच्या मध्ये घालायच्या फेल्टच्या पट्ट्या, सुटे खुंटे. घरोघरी जायचं, पियानोचं झाकण काढायचं, एकेक तार इतर तारांशी जुळवायची. दीड-दोन तासांचं शांत काम. शेवटी घरची माणसं चहा घेऊन येणार, आणि त्यांतल्या एखाद्याला आठवणार.

"म्हणजे ते तुम्ही? अहो, मग वाजवून दाखवा ना."

दादा सांगायचा की ते पियानोवर वाजत नाही, ते दोन पट्ट्यांच्या मध्ये आहे. लोकांना वाटायचं, भाव खातोय. मग तो जवळच्या पट्टीत वाजवायचा आणि ते मान वाकडी करून ऐकायचे. तसं नाही वाटत, असं एकजण तरी म्हणायचाच. एका हॉटेलवाल्याने तर अख्खा पियानोच त्या फटीत लावून मागितला, रेकॉर्डबरोबर वाजवता यावा म्हणून. दादा म्हणाला की मग त्यावर जगातलं दुसरं कुठलंच वाद्य जुळणार नाही. हॉटेलवाला म्हणाला, आम्हाला दुसरं काही वाजवायचंच नाहीये. हे दादाने घरी येऊन सांगितलं तेव्हा वहिनी खूप हसली. मी नाही हसले. मला वाटलं, हेच तर सगळ्या जगाने त्याच्याशी केलं.

वहिनी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती, मोजून-मापून बोलणारी. तिने एकदा मला ऐकवलं होतं, की यांना जेवढा राग येत नाही तेवढा तुम्ही यांच्या वतीने करून ठेवता. मी म्हणाले, कुणीतरी करायला नको का? ती म्हणाली, का करायला हवा?

पण दादालाही एक गोष्ट हवी होती, आणि ती वहिनीलाही माहीत होती. त्याला प्रसिद्धी नको होती, पुन्हा स्टेज नको होतं. त्याला ते गाणं एकदा, फक्त एकदा, त्याच्या आवाजात लोकांनी ऐकायला हवं होतं. खऱ्या वेगात, तीन मिनिटं दहा सेकंद, तिसऱ्या कडव्यासकट. "मग लोकांनी वाईट म्हटलं तरी चालेल," तो म्हणायचा. "मला म्हणतील. त्या पोराला नाही." आताच्या फाटक्या आवाजात ते परत गाऊन उपयोग नव्हता. ते होतं फक्त त्या पहिल्या टेपवर. दादा रेकॉर्डिस्टला पत्रं लिहायचा. टेप आहे का, असली तर एकदा ऐकवाल का. पत्रांत थोडा रागही असायचा. तुम्ही माझ्या गाण्याचं वाटोळं केलं, असं एकदा सरळ लिहिलेलं मी वाचलंय, आणि मला ते आवडलं होतं. उत्तर दर वेळी एका ओळीचं यायचं. त्या टेपा तेव्हाच पुसून परत वापरल्या, क्षमस्व. शेवटी दादाने लिहिणं सोडलं.

या वर्षी गाण्याला पस्तीस वर्षं झाली म्हणून कंपनीला ते पुन्हा काढायचं होतं. आता कंपनीत सगळी नवी मंडळी. त्यांतल्या एका मुलीने फोनवर दादाला विचारलं की रेकॉर्डच्या मागच्या बाजूला घालण्यासारखं त्या काळातलं काही आहे का, न ऐकलेलं. दादा म्हणाला, होतं, पुसलं गेलं. त्यानंतर दहाव्या दिवशी रेकॉर्डिस्टच्या मुलीचा फोन आला. वडील गेल्याला दोन महिने झाले होते. त्यांची खोली आवरताना तिला कपाटात, वरच्या फळीवर, एक चपटा खोका मिळाला होता. त्यावर पेन्सिलने बँडचं नाव आणि खाली ३.१० असं लिहिलं होतं.

फोन वहिनीने घेतला होता. तिने मला दुकानात कळवलं तेव्हा मी एका आरामखुर्चीच्या स्प्रिंगा बांधत होते. दोरी हातातून सुटली आणि स्प्रिंग हनुवटीवर बसली. त्या दिवशी मी गिऱ्हाइकाला एकही वाकडा शब्द बोलले नाही.

रविवारी सकाळी दादा आणि मी तिच्या घरी गेलो. वहिनी म्हणाली, तुम्ही दोघंच जा. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत तो भराभर बोलत होता, कंपनीच्या मुलीला कळवलंय, ती म्हणाली असं काही असेल तर आम्ही तेच पहिल्या बाजूला घालू, महिन्याभरात बाहेर. पन्नास लोकांनी ऐकलं तरी पुरे, म्हणाला. त्याला असं बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

रेकॉर्डिस्टची मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने वडिलांचं टेपचं यंत्र जेवणाच्या टेबलावर आणून, पुसून, दुरुस्त करून ठेवलं होतं. "काका, मी अजून लावलं नाहीये," ती म्हणाली. "म्हटलं, तुमच्यासमोरच लावावं." वडिलांनी पुसली म्हणून का सांगितलं असेल, ते तिलाही माहीत नव्हतं.

चाकं फिरायला लागली. थोडी खरखर, मग ठोक्याचा आवाज, एक-दोन-तीन-चार, आणि गिटारी. आणि मग दादा.

मला रडू आलं. लाज न बाळगता सांगते, मी टेबलाच्या कडेला धरून रडले. हा माझा भाऊ होता. मागच्या खोलीतला, फोमच्या भिंतींशी भांडणारा, थोडा नाकातून, थोडा भारी, शब्दाच्या शेवटी किंचित थकणारा. पस्तीस वर्षं मी त्या सतरा वर्षांच्या परक्या पोराला शिव्या घालत होते आणि खरा आवाज या कपाटात पडून होता. तिसरं कडवं आलं. कुणी मध्ये बोललं नाही, हवामान सांगितलं नाही. आठही ओळी नीट संपल्या.

मी दादाकडे पाहिलं. तो चाकांकडे बघत होता.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

तिने पुन्हा लावलं. या वेळी मी गाण्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त लक्ष दिलं. पियानो लावताना एखादी तार थोडी उतरलेली असली की तो भुवया जवळ आणतो, तशा त्याने आणल्या होत्या. दुसऱ्या कडव्याला त्याने खुर्ची मागे सरकवली. गाणं संपायच्या आधीच त्याने विचारलं की याचा वेग बदलता येतो का. तिने एक बटण दाखवलं, गोल फिरवायचं.

तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं आणि दादाने हात पुढे केला. बटण अगदी सावकाश फिरवायला लागला. आवाज हळूहळू वर चढला. भारीपणा गेला, थकवा गेला, ठोक्याचा स्वभाव गेला. माझ्या भावाचा आवाज माझ्यासमोर पातळ होत गेला. मला वाटलं, कसं बिघडवलं ते तो या मुलीला दाखवतोय. पण एका जागी येऊन त्याचा हात थांबला. थोडा पुढे गेला, केसभर मागे आला, आणि तिथेच राहिला. तीच फट. टेबलाखाली त्याचा पाय ठेका धरायला लागला होता. भुवया सुटल्या होत्या.

"हं," तो म्हणाला. "आता बसलं."

"दादा, अरे तो तुझा आवाज नाहीये," मी म्हणाले.

"गाणं तर आहे." त्याने बटणावरचा हात काढला नाही. "मघाशी नुसता माझा आवाज होता."

मी भांडले. परक्याच्या घरात, जेवणाच्या टेबलापाशी, भांडले. मी म्हणाले, कंपनी घ्यायला तयार आहे, लोक ऐकायला तयार आहेत, तू सारं आयुष्य हेच मागत होतास आणि आता हातात आलंय तर नखरे करतोस. मला तर ते जसं आहे तसं आवडलं, रडू आलं मला. तो म्हणाला, तुला येणारच, तू बहीण आहेस. त्याने मला समजावलं नाही, आवाजही चढवला नाही. गिऱ्हाइकाला सांगतो तसं एवढंच सांगितलं की खऱ्या वेगात ते ओढतं. दुसऱ्या कडव्यापाशी बसतं आणि उठत नाही. तिसऱ्या कडव्यापर्यंत पोचायला ऐकणाऱ्याला जी घाई लागते ती त्यात नाहीच. ते तसंच बाहेर गेलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा लावलं नसतं. आणि वाईट हे होतं की तो बोलत असताना, टेबलावर गाणं त्या फटीत धावत असताना, मला ते पटत होतं.

कंपनीला काही मिळालं नाही असं कळवायचं ठरलं. टेप त्याने तिच्याकडेच ठेवायला सांगितली. मुलीने चहा केला, आम्ही प्यायलो, तिच्या शाळेबद्दल बोललो. ती जिन्यापर्यंत सोडायला आली.

खाली रस्त्यावर आल्यावर दादा थांबला. मला वाटलं, बसची वाट बघतोय, पण थांबा बराच पुढे होता.

"त्याला माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी त्याच्या कानाला कळलं होतं. म्हणून पुसली म्हणाला. मी ती परत ऐकली असती तर मलाही कळलं असतं."

आम्ही थांब्याकडे चालायला लागलो.

"अकरा पत्रं लिहिली मी त्याला. एकातही लिहिलं नाही की तुमचं बरोबर होतं."

रागाने बोलायला माझ्याकडे पस्तीस वर्षांचं सगळं तयार होतं. पण ते सगळंच्या सगळं त्या रेकॉर्डिस्टच्या विरुद्ध होतं.